महाविद्यालयीन खेळाडूंची शारीरिक तयारी: परीक्षेच्या काळात सराव थांबवावा की टिकवावा?

मैदानसोबती (धागाकर्ता)

नमस्कार. महाविद्यालयीन संघांच्या शारीरिक तयारीचे काम करताना एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसत आली आहे आणि तिच्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. आपापल्या खेळातील कौशल्याचा सराव हे विद्यार्थी मनापासून करतात. ताकद, वेग आणि दमसास वाढवणारे प्रशिक्षण मात्र सत्र सुरू झाले की आठवते आणि परीक्षा जवळ आली की पूर्ण थांबते. परीक्षा संपते तेव्हा स्पर्धा दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते. मग राहून गेलेले सगळे एकदम भरून काढण्यासाठी रोज दोन वेळा मैदान गाठले जाते आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर मांडीच्या मागचा स्नायू ताणला जातो किंवा नडगी दुखू लागते. या वयातील खेळाडूंचे सर्वांत मोठे नुकसान या तुटक वेळापत्रकामुळे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता व्यायामप्रकार निवडला हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

व्यायाम चालू असताना शरीर थकते आणि त्यानंतरच्या विश्रांतीत, झोपेत व आहारातून ते स्वतःला पूर्वीपेक्षा थोडे अधिक सक्षम करून घेते. ताणाला शरीर आधी धक्क्याने, मग जुळवून घेऊन आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून प्रतिसाद देते, हे ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ सालापासून मांडले आणि पुढे क्रीडाप्रशिक्षकांनी त्यातून सरावाच्या नियोजनाचा पाया घातला. भार क्रमाक्रमाने वाढवावा हे तत्त्वही नवे नाही. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी वाढत्या वजनांची पद्धत वापरली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. आजच्या जिममधील सेट आणि आवर्तनांची (एक हालचाल सलग जितक्या वेळा करायची ती आवर्तने, आणि त्यांचा एक गट म्हणजे सेट) मांडणी बऱ्याच अंशी तिथून आली आहे. या दोन्ही गोष्टींना सातत्य लागते. मध्येच महिनाभर सर्व काही थांबले तर भार वाढवण्याची शिडी पुन्हा खालच्या पायरीपासून चढावी लागते.

परीक्षेच्या काळात सहा दिवस सराव शक्य नसतो, हे मान्यच करायला हवे. तेव्हा प्रश्न असा उरतो की कमीत कमी किती केले तर कमावलेले टिकते. व्यायामशास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांनी सहभागी व्यक्तींकडून आठवड्यातील सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे, असा दहा आठवडे कठोर सराव करून घेतला आणि नंतरचे पंधरा आठवडे त्यातील एकेक घटक कमी करून पाहिला. सरावाचे दिवस सहावरून चार किंवा दोनवर आणले तरी शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. रोजचा वेळ चाळीस मिनिटांवरून सव्वीस किंवा तेरा मिनिटांवर आणला तरीही ती टिकली. मात्र तेरा मिनिटांच्या गटात दीर्घकाळ तग धरण्याची ताकद काहीशी घटली. दिवस आणि वेळ तेवढेच ठेवून तीव्रता कमी केली तेव्हा मात्र कमावलेले हातचे गेले.

माझ्या दृष्टीने महाविद्यालयीन खेळाडूसाठी यापेक्षा उपयुक्त निष्कर्ष क्वचितच सापडेल. परीक्षेच्या काळात आपण नेमके उलटे करतो: अभ्यासातून उठून पाऊण तास रमतगमत धावून येतो आणि सराव सुरू ठेवल्याचे समाधान मानतो. त्याऐवजी आठवड्यातून दोनच दिवस, प्रत्येकी चाळीस-पन्नास मिनिटांचे, पण पूर्वीइतक्याच तीव्रतेचे सत्र ठेवावे. नीट वॉर्मअप, तीन-चार छोटे स्प्रिंट, दोन मुख्य ताकदीचे व्यायाम नेहमीच्या वजनाने पण निम्म्या सेटचे आणि शेवटी आठ-दहा मिनिटे वेगवान अंतराल धाव (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असे आलटून पालटून धावणे), एवढे पुरते. ताकद तर याहूनही टिकाऊ असते. नेहमीच्या वजनाचे एखादे सत्र आठवड्याला झाले तरी ती काही आठवडे फारशी ढळत नाही. दमसास मात्र सराव पूर्ण थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत लक्षात येण्याइतका उतरतो.

आपापल्या खेळातील अनुभव आणि शंका जरूर मांडाव्यात.

दोनशेमीटर

अत्यंत उपयुक्त धागा आहे. मी द्वितीय वर्षाला आहे आणि दोनशे मीटर धावतो. आमच्या गटातील बरेच जण वजने उचलायला घाबरतात, कारण शरीर जड होईल आणि वेग कमी होईल, असे त्यांना वाटते. ज्याने आजवर केवळ धावण्याचाच सराव केला आहे त्याने ताकदीचे प्रशिक्षण कुठून आणि किती प्रमाणात सुरू करावे?

मैदानसोबती

@दोनशेमीटर, ही भीती फार जुनी आहे आणि तिच्यामुळे अनेक चांगले धावपटू आपल्या क्षमतेच्या अलीकडेच थांबतात. स्प्रिंटमध्ये प्रत्येक पाऊल जमिनीवर सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतके टेकते आणि तेवढ्या अवधीत शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बल जमिनीला द्यावे लागते. हे बल ज्याच्याकडे नाही, त्याने पावलांची गती कितीही वाढवली तरी वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. शिवाय ताकदीच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे होते: मेंदू अधिक स्नायूतंतू एकाच वेळी आणि अधिक वेगाने कामाला लावायला शिकतो. स्नायूंचा आकार त्यानंतर आणि तुमच्या आहाराच्या व सरावाच्या प्रमाणात हळूहळू वाढतो. कमी आवर्तने, जड वजन आणि सेटमध्ये भरपूर विश्रांती, असा सराव करणाऱ्या धावपटूचे शरीर अनाहूतपणे फुगत नाही.

सुरुवात आठवड्यातील दोन दिवसांनी करावी. बैठक, कमरेतून वाकून वजन उचलणे, ढकलणे, ओढणे आणि एका पायावरचा एखादा व्यायाम, या पाच हालचाली पुरेशा आहेत. पहिले तीन-चार आठवडे वजन हलके ठेवून केवळ हालचाल शिकावी, आणि ती जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकावी, कारण चुकीची सवय एकदा लागली की जड वजनाखाली ती मोडणे कठीण जाते. त्यानंतर पाच ते आठ आवर्तनांचे तीन सेट करावेत आणि प्रत्येक सेट अजून दोन आवर्तने सहज झाली असती अशा टप्प्यावर थांबवावा. सगळी आवर्तने सलग दोन सत्रांत स्वच्छ झाली की वजन किंचित वाढवावे. अगदी थकून कोसळेपर्यंत सेट ओढण्याची गरज नवशिक्याला नसते, आणि दुसऱ्या दिवशी वेगाचा सराव असेल तर ते सरळसरळ नुकसानकारक ठरते.

उड्यांच्या व्यायामाबद्दलही याच ठिकाणी सांगतो. उंचावरून खाली उतरून लगेच वर झेप घेण्याचा व्यायाम सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात विकसित केला, तो आधीच भरपूर ताकद असलेल्या उडीपटूंसाठी. आज तोच व्यायाम चित्रफिती पाहून पहिल्याच महिन्यात केला जातो. आधी दोन्ही पायांवर शांतपणे, आवाज न करता उतरता आले पाहिजे. मग जागच्या उड्या, मग पुढे जाणाऱ्या उड्या, आणि उंचावरून उतरण्याचा क्रम सर्वांत शेवटी.

फिजिओताई

दुखापतींच्या बाजूने थोडे लिहिते. परीक्षेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी वाढते आणि जवळजवळ प्रत्येकाची हकीकत मैदानसोबती यांनी वर्णन केली आहे तशीच असते. खंडानंतर परतताना पहिल्या आठवड्यात नेहमीच्या सरावाच्या साधारण निम्मेच काम करावे, पूर्ण वेगाचे स्प्रिंट दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलावेत आणि मगच हळूहळू पूर्वपदावर यावे. खंड पडलेल्या शरीराला पहिल्याच दिवशी शेकडो बैठका किंवा उड्या मारायला लावणे धोकादायक असते. अशा अतिश्रमाने स्नायूंचे विघटन होऊन त्यातील घटक मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. व्यायामानंतर लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, स्नायू असह्य दुखू लागले किंवा सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नेहमीचे अंग दुखणे वेगळे. ते एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते आणि आपोआप ओसरते. एका बाजूला, एका विशिष्ट बिंदूवर, धावताना वाढत जाणारी वेदना मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

प्रतिबंधासाठी दोन गोष्टी आवर्जून सुचवते. पहिली म्हणजे नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा व्यायाम, ज्यात गुडघ्यांवर उभे राहून, घोटे जोडीदाराने धरलेले असताना, शरीर सरळ ठेवून शक्य तितक्या हळू पुढे झुकायचे असते. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. पहिल्या आठवड्यात तो फार दुखतो म्हणून आठवड्यातून एकदाच, पाच-पाच आवर्तनांच्या दोन सेटने सुरुवात करावी. दुसरी गोष्ट म्हणजे फिफाच्या पुढाकाराने तयार झालेला ‘११+’ हा वॉर्मअप. त्यात धावणे, ताकद, तोल आणि उड्या मिळून पंधरा व्यायाम असतात आणि सवय झाल्यावर तो वीस मिनिटांत होतो. किशोरवयीन मुलींच्या फुटबॉल संघांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे गंभीर दुखापती लक्षणीय कमी झाल्या. मुलींमध्ये गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण त्याच खेळातील मुलांपेक्षा अधिक असते; त्यामुळे उडीनंतर उतरताना गुडघे आत वळू न देण्याचे शिक्षण त्यांच्या प्रशिक्षणात सुरुवातीपासूनच असायला हवे.

एकाच स्थितीत मिनिटभराहून अधिक काळ स्नायू ताणून ठेवण्याचा व्यायाम स्प्रिंट किंवा उडीच्या लगेच आधी करू नये. त्याने स्फोटक ताकद तात्पुरती कमी होते. तो सत्राच्या शेवटी ठेवावा.

मध्यरक्षक

मी फुटबॉल खेळतो आणि एका मुद्द्यावर थोडा मतभेद नोंदवतो. आमच्या खेळात सगळे काम छोट्या छोट्या धावांचे असते, तर लांब आणि संथ धावण्यात वेळ का घालवावा? आम्ही सर्वजण वीस सेकंद काम आणि दहा सेकंद विश्रांती अशी ताबाता पद्धत करतो. चार मिनिटांत दमसास आणि वेग दोन्ही मिळत असतील तर विद्यार्थ्यासाठी तीच सर्वोत्तम नाही का?

मैदानसोबती

@मध्यरक्षक, प्रश्न रास्त आहे, आणि वेळेची अडचणही खरी आहे. मात्र या पद्धतीला ज्यांचे नाव मिळाले त्या जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा १९९६ सालचा मूळ अभ्यास नीट पाहावा. त्यात सायकलयंत्रावरची तीव्रता प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे १७० टक्के होती आणि सात-आठ फेऱ्यांनंतर सहभागी व्यक्तींना पुढे जाणेच शक्य होत नसे. ते आधीपासून व्यायाम करणारे तरुण होते, आणि आठवड्यातील पाचपैकी एका दिवशी ते तीस मिनिटे स्थिर गतीने सायकलही चालवत. जोर आणि बैठका मिसळून केलेल्या चार मिनिटांच्या फेऱ्यांना तेच नाव दिल्याने तोच परिणाम मिळेल असे मानता येत नाही.

संथ धावण्याबद्दल माझे मत असे आहे. पूर्ण वेगाची पहिली काही सेकंदे स्नायूंमध्ये साठवलेल्या तयार ऊर्जेवर निघतात. तो साठा दोन धावांच्या मधल्या वेळात पुन्हा भरण्याचे काम मात्र प्राणवायूवर चालणारी यंत्रणा करते. म्हणूनच सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांतही तुमची धाव पहिल्या मिनिटासारखीच राहावी असे वाटत असेल, तर त्या यंत्रणेचा पाया लागतोच. तो केवळ लांब संथ धावण्यानेच घडतो असे मी म्हणणार नाही. चार मिनिटे जोरात आणि तीन मिनिटे हळू अशा चार फेऱ्या मैदानी खेळाडूसाठी कमी वेळात उत्तम काम करतात, आणि मर्यादित जागेत कमी खेळाडूंचे छोटे सामने खेळूनही तो परिणाम साधता येतो. स्पर्धा दूर असताना आठवड्यातून एकदा सहज बोलता येईल अशा गतीने तीस-चाळीस मिनिटे धावावे, एवढाच आग्रह मी धरेन.

आणखी एक बाब. ताकद आणि दमसास यांची तीव्र सत्रे एकाच दिवशी एकमेकांना चिकटून ठेवू नयेत. वर उल्लेख केलेल्या हिक्सन यांनीच १९८० साली दाखवले होते की दोन्हींचा भरपूर सराव एकत्र केलेल्या गटाची ताकद सुरुवातीला इतरांसारखीच वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत ती घसरू लागली. दमसासाला मात्र ताकदीच्या सरावाने बाधा आली नाही. दोन्ही एकाच दिवशी करणे भागच असेल तर मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे आणि ज्या गुणाची आपल्या खेळाला अधिक गरज आहे तो आधी घ्यावा.

लांबपल्ला

एक विषय राहून जाऊ नये असे वाटते, म्हणून लिहिते. मी दहा किलोमीटर धावते. आमच्यापैकी अनेक जणी वजन कमी ठेवण्यासाठी जेवण तोडतात, आणि पाळी बंद झाली तर तो कठोर सरावाचा स्वाभाविक परिणाम समजतात. मुली हे प्रशिक्षकांशी बोलत नाहीत आणि प्रशिक्षकही विचारत नाहीत. याबद्दल फिजिओताई यांनी स्पष्ट लिहावे अशी विनंती.

फिजिओताई

@लांबपल्ला, तुम्ही हा विषय काढला हे फार चांगले केले. पाळी बंद होणे हे यशस्वी सरावाचे लक्षण मुळीच नाही. खर्चाच्या तुलनेत शरीराला ऊर्जा अपुरी पडते तेव्हा ते आवश्यक नसलेली कामे बंद करू लागते, त्यात पाळी येते, आणि त्याचबरोबर हाडांची घनताही घटू लागते. याच वयात हाडे आपल्या कमाल बळकटीच्या जवळ पोहोचत असतात, त्यामुळे आता झालेले नुकसान पुढे पूर्ण भरून निघेलच असे नाही. नडगीच्या आणि पावलाच्या हाडांना वारंवार सूक्ष्म तडे जाण्यामागे अनेकदा हेच कारण असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेची व्याप्ती मांडताना पुरुष खेळाडूंनाही ती होऊ शकते हे आवर्जून नमूद केले. सलग तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञ यांच्याकडे जावे, आणि प्रशिक्षकांनी हा प्रश्न दर काही महिन्यांनी, एकांतात, संकोच न बाळगता विचारावा किंवा संघातील विश्वासू व्यक्तीमार्फत विचारून घ्यावा.

आहाराचे साधे मोजमाप हवे असेल तर सराव करणाऱ्या खेळाडूसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिने ही सर्वमान्य मर्यादा आहे. परंतु एकूण ऊर्जाच अपुरी असेल तर प्रथिने वाढवून विशेष काही साधत नाही.

रात्रअभ्यास

मूळ प्रश्नाकडे वळतो. परीक्षेच्या आठवड्यात दोन सत्रे ठेवायची हे पटले, पण झोपच चार-पाच तास मिळत असेल तर त्या अवस्थेत तीव्र सराव करावा का?

मैदानसोबती

@रात्रअभ्यास, माझे उत्तर असे की त्या दिवशी करू नये. सत्र एक-दोन दिवस पुढे ढकलावे. अभ्यासाचा ताण आणि सरावाचा ताण शरीर वेगवेगळ्या खात्यांत मांडत नाही. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघावर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरावाचा भार कमी असलेल्या, पण परीक्षा असलेल्या आठवड्यांतही दुखापतींचे प्रमाण सामान्य आठवड्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. उलट झोप वाढवल्याचा लाभ झोपेच्या संशोधक शेरी माह यांनी २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंमध्ये दाखवला: पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालवण्याचे लक्ष्य ठेवल्यावर त्यांची स्प्रिंटची वेळ सुधारली आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. गट लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवूनही मला तो निष्कर्ष मोलाचा वाटतो. दहा तास शक्य नसतील. पण सात तासांच्या खाली सलग अनेक रात्री जाऊ नयेत यासाठी अभ्यासाचे वेळापत्रक आधी आखता येते.

निर्णय अंदाजाने घ्यावा लागू नये म्हणून प्रत्येकाने एक वही ठेवावी. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने ते एकंदर किती कठीण वाटले याला दहापैकी गुण द्यावेत आणि त्या गुणांना मिनिटांनी गुणावे. साठ मिनिटांच्या सत्राला सात गुण दिले तर भार ४२० झाला. व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेल्या या पद्धतीला कोणतेही उपकरण लागत नाही. शेजारी झोपेचे तास लिहावेत. नेहमी पाच गुणांचे वाटणारे काम आठ गुणांचे वाटू लागले, तर शरीर थकले आहे असे समजून त्या आठवड्याचे सेट कमी करावेत.

दोनशेमीटर

आमची परीक्षा संपते आणि पाच आठवड्यांनी स्पर्धा आहे. कूपर यांची बारा मिनिटांची धाव किंवा वीस मीटरची शटल चाचणी यांपैकी एखादी परतल्यावर लगेच घ्यावी का, आणि उरलेल्या आठवड्यांची विभागणी कशी करावी?

मैदानसोबती

परतल्या परतल्या कोणतीही कमाल श्रमाची चाचणी घेऊ नका. ती पहिला आठवडा अर्ध्या भाराने पार पाडल्यावर घ्यावी. तसेही या दोन्ही चाचण्या दमसासाच्या आहेत आणि दोनशे मीटरच्या धावपटूला त्यांतून फारसे कळत नाही. तुम्ही तीस मीटर स्टार्टसह, तीस मीटर धावत्या सुरुवातीने आणि उभ्या जागेवरून लांब उडी, या तीनच मोजण्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घ्या. त्याच मैदानावर, त्याच बुटांनी, एक दिवस पूर्ण विश्रांती घेतल्यावर. तिसऱ्या आठवड्यात भार सर्वाधिक ठेवा: दोन दिवस ताकद, दोन दिवस पूर्ण वेगाचे काम आणि एक दिवस वेग टिकवण्याच्या दीडशे मीटरच्या धावा, प्रत्येक धावेनंतर आठ-दहा मिनिटांची विश्रांती. चौथ्या आठवड्यापासून धावांची आणि सेटची संख्या उतरवत न्या आणि स्पर्धेच्या आठवड्यापर्यंत ती नेहमीच्या निम्म्यावर आणा. वेग आणि वजन मात्र कमी करू नका. शेवटचे जड ताकदीचे सत्र स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी घ्या. दुसऱ्या आठवड्यात मोजलेले आकडे इथे टाकलेत, तर तिसऱ्या आठवड्यातील धावांची संख्या आपण नेमकी ठरवू.